नणंदेच्या सासऱ्यांचा खांब

सगळ्या ठाणे जिल्ह्यात समोर बसलेल्या माणसाशी सर्वांत कमी आणि न दिसणाऱ्या माणसाशी सर्वांत जास्त बोललेला गृहस्थ कोण, अशी स्पर्धा कुणी ठेवली असती, तर माझ्या नणंदेच्या सासऱ्यांच्या जवळपासही कुणी पोचलं नसतं. नणंदेचे सासरे या नात्याला मराठीत नाव नाही. नाव नाही म्हणजे जबाबदारीही नसावी, असा माझा समज होता. तो माझ्या नणंदेने लवकरच दूर केला. तिच्या नवऱ्याची नागपूरला बदली झाली. सासरे नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी बरोबर जायला साफ नकार दिला आणि कल्याणचं रेल्वेचं क्वार्टर सोडून धसईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या जुन्या दोन खोल्यांत एकटेच जाऊन राहिले. नणंदेचा मला फोन आला, की वहिनी, तू शहापूरला म्हणजे जवळच, महिन्यातून एकदा डोकावत जा. नागपूरहून बघितलं की शहापूर आणि धसई एकमेकांना चिकटलेली दिसत असणार. प्रत्यक्षात शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगाव, तिथे दुसऱ्या गाडीची आशाळभूतपणे वाट बघायची, मग धसईचा बाजार, आणि बाजारातून पुढे शेतांच्या बांधावरून चांगली तंगडतोड. मी शाळेच्या कार्यालयात हेडक्लार्क. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की निघायचं, रात्री तिथे मुक्काम, रविवारी परत, असा मी त्याचा कार्यक्रम बसवून टाकला. एकदा कार्यक्रम बसवला की मी तो मोडत नाही. नात्याला नाव नव्हतं म्हणून मी त्यांना काका म्हणू लागले, आणि त्यांची सून मला वहिनी म्हणते म्हणून तेही मला वहिनीच म्हणत.

काका रेल्वेच्या तारखात्यात होते आणि फावल्या वेळात हौशी रेडिओवाले होते. हौशी रेडिओवाले म्हणजे गाणी ऐकणारे नव्हेत. सरकारची परीक्षा देऊन, परवाना काढून, स्वतःच यंत्र जुळवून, घरावर तार ताणून दूरदूरच्या तसल्याच दुसऱ्या माणसांशी गप्पा मारणारी ही एक जमात आहे. या छंदाने काकांच्या साध्या बोलण्यावर पुरता ताबा मिळवला होता. ते एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे, तुम्ही उत्तर पुरं करेपर्यंत हूं की चूं करायचे नाहीत. कारण त्यांच्या यंत्रात एका वेळी एकालाच बोलता येतं. सगळ्यांनी एकदम बोलायची आपल्या घरची पद्धत त्यांना अराजक वाटे. मुलाच्या लग्नाची बोलणी करायला आमच्याकडे आले तेव्हा ते सबंध दुपारभर गप्प बसले, कारण आमच्या सासूबाई मध्ये थांबल्याच नाहीत. ऐकताना ते डोळे मिटून घेत. चेहरा बघितला की शब्दांकडे लक्ष राहत नाही, असं त्यांचं मत. त्यामुळे आयुष्यभराच्या ओळखीची माणसं त्यांना चेहऱ्याने ओळखता येत नसत. सरळगावच्या स्टँडवर मी समोर उभी असताना ते मला ओलांडून गेले आणि मी पानवाल्याला गाडीची वेळ विचारल्याबरोबर गर्रकन वळून म्हणाले, “वहिनी, तुम्हाला सर्दी झालीय.”

शिवाय ते प्रत्येक गोष्टीला दोन आकडे देत. त्यांच्या जमातीत समोरच्याचा आवाज किती स्पष्ट आणि किती जोरदार येतो हे दोन आकड्यांत सांगायची रीत आहे, त्यात पाच-नऊ म्हणजे सर्वोत्तम. काका ती रीत चहालाही लावत. माझ्या आमटीला ते चार-सात द्यायचे आणि आपल्या सुनेच्या आमटीचा विषय निघाला की डोळे मिटून घ्यायचे. कल्याणला असताना त्यांच्या तारेमुळे खालच्या मजल्यावरच्या टीव्हीत बिघाड व्हायचा. रविवारी सकाळी सगळी बिल्डिंग पौराणिक मालिका बघायला हात जोडून बसलेली असताना भगवंतांनी आशीर्वादासाठी हात वर केला, तोंड उघडलं आणि काकांच्या आवाजात सांगितलं की मौसम साफ है. त्यानंतर काही दिवस एक आजी काकांच्या पाया पडत असत. बाकीची बिल्डिंग मात्र त्यांच्याशी बोलेनाशी झाली.

हे मौसमाचं प्रकरण ज्यांच्यासाठी चालायचं ते निमाडवाले. मध्य प्रदेशात निमाड भागातल्या एका गावी राहणारे ते एक निवृत्त शाळामास्तर. काका आणि ते रोज सकाळी सातला भेटत, म्हणजे हवेत भेटत. वर्षानुवर्षं. एकमेकांचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मला आधी वाटलं, इतका खटाटोप करून ही माणसं काहीतरी खोल बोलत असतील. एकदा कान देऊन ऐकलं, तर काका म्हणाले इकडे ढग आहेत, ते म्हणाले तिकडे नाहीत. मग दोघांनी एकमेकांच्या तारेची चौकशी केली आणि नमस्कार केला. मी म्हटलं, एवढंच? तर म्हणाले, परवान्यात लिहिलंय, यंत्राविषयी आणि किरकोळ बोलायचं. किरकोळची व्याख्या त्यांनी स्वतःच करून ठेवली होती आणि तिच्यात हवामानापलीकडे काही बसत नसे. काकू गेल्या, त्याच्या तिसऱ्या दिवशी सातला काकांनी यंत्र लावलं आणि सांगितलं की आज इकडे हवा ठीक नाही. निमाडवाले काही बोलले नाहीत. पण त्यांनी बटण दाबून ठेवलं, म्हणजे त्यांच्या बाजूची बारीक खरखर काकांना ऐकू येत राहिली, चांगला बराच वेळ. हे मला काकांनीच सांगितलं आणि वर म्हणाले, ते नियमात बसतं, कारण त्यात काही बोलणं झालेलं नव्हतं.

धसईला राहायला आल्यावर काकांचं पहिलं काम म्हणजे खांब. डोंगराच्या कुशीतून आवाज बाहेर पडायचा तर तार उंच हवी आणि तार उंच धरायला चारमजली घराएवढा लोखंडी पाइपचा खांब. त्यांनी निमाडवाल्यांना कार्ड टाकलं की भातकापणी झाली की खांब उभा राहील, तेव्हापासून रोज सातला कान ठेवा. निमाडवाल्यांचं उलट कार्ड आलं की कान ठेवलेलाच आहे. मग काका कामाला लागले. पाइप मुरबाडहून टेम्पोने आले. काकांनी नकाशा काढला, त्यात बाणांनी माणसं दाखवली, आणि धसईच्या बाजारातून मजूर आणून नकाशाप्रमाणे त्यांना उभं केलं. खांब गुडघ्याएवढा वर आला आणि एका बाणाला तंबाखूची तलफ आली. खांब शेजारच्या वालाच्या वाफ्यात आडवा झाला. दुसऱ्यांदा तो कमरेएवढा वर आला आणि मधेच धनुष्यासारखा वाकला. तिसऱ्यांदा मजूरच आले नाहीत.

हे सगळं वाडीतली माणसं बांधावर बसून बघत होती. वाडी काकांच्या घरामागे चढावर, पंधरावीस घरांची. भात आणि नाचणी पिकवायची, उरलेल्या दिवसांत रानातलं काहीबाही आणून धसईला विकायचं. काकांना ती सगळी आजोबा म्हणत. वाडीचा म्होरक्या एक वाळलेला, ताठ म्हातारा होता, त्याला सगळे कारभारी म्हणायचे. तिसऱ्या दिवशी तो खाली आला, पडलेल्या खांबाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “आजोबा, तुमी ह्याला उचलताय. ह्याला उचलायचा नाय, उठवायचा.”

त्या भागात होळी म्हणजे लाकडांचा ढीग नव्हे. रानातून सरळसोट उंच झाड आणतात आणि सगळी वाडी मिळून ते उभं करते. हे काम ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या करत आलेली. त्यांनी रविवारी सकाळी खड्डा खणला, खांबाचं बूड खड्ड्याच्या तोंडाशी आणलं, दोनदोन बांबू कात्रीसारखे बांधून टेका द्यायला लहानमोठ्या कैच्या केल्या, चार बाजूंना चार दोर दिले. मी तेव्हा तिथेच होते. काका तारांच्या टोकांना स्वतःच्या हाताने जोड देऊन, नकाशा घेऊन, डोळे मिटून एका बाजूला बसले होते. कारभाऱ्याच्या बायकोने खड्ड्यात हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, ढोल वाजायला लागला आणि कारभाऱ्याच्या हाळीवर, कैची सरकवत, दोर आवळत, तो खांब असा काही सावकाश उठला की जणू झोपेतून जागा होतोय. बायकांनी त्याच्याभोवती फेरा धरला. कारभाऱ्याची बायको माझ्याजवळ येऊन विचारती झाली, “येकलाच बोलतो नि येकलाच ऐकतो आजोबा. त्याला येवढा खांब कशाला गो लागतो?” मी सांगितलं की हा निमाडापर्यंत बोलणार आहे. तिने खांबाच्या टोकाकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं, आणि म्हणाली की मग आधी वाडीपर्यंत बोलून बघ म्हणावं. काकांनी उभ्या खांबाला पाच-नऊ दिले. त्या दिवशी संध्याकाळी सगळ्या वाडीला गुळाचा चहा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काकांनी यंत्र लावलं. निमाडवाले ऐकू आले, बारीक, पण आले. ते काकांना हाक मारत होते. काकांनी उत्तर दिलं. निमाडवाल्यांनी पुन्हा हाक मारली. काकांनी पुन्हा उत्तर दिलं. निमाडवाले थोडं थांबून म्हणाले की आज दिसत नाही, कल देखेंगे, आणि गेले.

त्यांचं ऐकू येत होतं, पण काकांचं पोचत नव्हतं. पुढे रोज तेच. महिन्याच्या फेरीला मी गेले तेव्हा सातच्या ठोक्याला त्यांच्या मागे जाऊन बसले. खरखरीतून एक वयस्कर, शांत आवाज आला. “दादा, कार्ड मिला. आप सुन पा रहे हैं, ये अच्छा हुआ. इधर कोहरा है.” काकांनी बटण दाबून, इकडेही धुकं आहे, नमस्कार, असं सगळं रीतसर सांगितलं. मी म्हटलं, पोचत नाही माहीत असताना का बोलता? तर म्हणाले, समोरच्याने हाक मारल्यावर गप्प बसणं बरं दिसत नाही. मग यंत्र बंद करून ते त्याच्याकडे बघत बसून राहिले. चहा पुढे ठेवला तर त्याला आकडेसुद्धा दिले नाहीत. ते पाहिल्यावर हे काम आपल्या अंगावर घ्यावं लागणार हे माझ्या लक्षात आलं.

तोपर्यंत काकांचं दोष शोधणं त्यांच्या स्वभावानुसार चाललं होतं, म्हणजे ज्याचा राग येईल त्याच्यावर संशय घ्यायचा. आधी जमिनीतलं अर्थिंग. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पुरलेल्या पत्र्याला ओल हवी, म्हणून काका रोज त्यावर बादल्या ओतत. अंगणातली तुळस वाळून गेली, अर्थिंग मात्र हिरवंगार झालं, त्यावर दुर्वा उगवल्या. मग विजेवर संशय. वीज तिथे येण्यापेक्षा जाण्यासाठीच प्रसिद्ध होती, म्हणून काकांनी ट्रॅक्टरची बॅटरी आणली आणि ती चार्ज करायला एस.टी.ने मुरबाडला नेऊ लागले. कंडक्टरने बॅटरीचं सामानाचं तिकीट फाडलं. तिकीट घेतलंय म्हटल्यावर काकांनी तिला खिडकीजवळ बसवलं आणि स्वतः उभे राहिले. मग उंदरांवर संशय, मग यंत्रातल्या एका रशियन बनावटीच्या व्हॉल्व्हवर, मग काही दिवस नागपूरवर, कारण सुनेने फोनवर विचारलं होतं की अजून तेच चाललंय का.

मी एका कागदावर भिंतीपासून आकाशापर्यंत जेवढे म्हणून भाग होते तेवढे एकाखाली एक लिहिले आणि सांगितलं की आता एकेक निर्दोष ठरवून कापायचा, राग कुणाचाही येवो. काका कुरकुरले, पण तयार झाले. यंत्र ठीक आहे की नाही कसं कळणार? त्यांनी तारेच्या जागी एक साधा दिवा जोडला आणि त्यात बोलले. ते बोलले की दिवा लागायचा, थांबले की विझायचा. जोरात बोलले की लख्ख. काका खूश होऊन दिव्याला हवामान सांगू लागले. दारात कारभाऱ्याची बायको करवंदीची काटकी दातात धरून उभी होती. ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “आता तर दिव्याशीच बोलाया लागला गो. ह्याचा पोरगा कंदी येनार?”

यंत्र कापलं. बॅटरी कापली. अर्थिंग कापलं. जमिनीवरची केबल कापली, म्हणजे कागदावर. कापत कापत आम्ही खांब चढलो आणि टोकाशी येऊन थांबलो. टोकाशी तारेचे दोन हात येऊन मिळत होते. मिळत होते म्हणजे मिळायचे नव्हते. त्या दोन हातांच्या मधे चिनीमातीचा एक गट्टू असतो, तो त्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवतो, आणि तसं वेगळं ठेवलं तरच आवाज बाहेर पडतो. एवढं मला आतापर्यंत कळायला लागलं होतं.

“वरचा जोड मी स्वतः केलाय, वहिनी,” काका म्हणाले.

“म्हणूनच तो शेवटाला ठेवला होता,” मी म्हटलं.

काकांनी पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून माझं ऐकलं. वर बघायचं तर तार खाली घ्यायला टोकाशी कप्पी बसवली होती, पण तिचा दोर कितीही ओढला तरी हलत नव्हता. म्हणजे सगळा खांबच आडवा करायला हवा. काका वाडीवर गेले. मीही गेले. कारभाऱ्याने सगळं ऐकून घेतलं, विडी विझवून कानामागे ठेवली आणि मान हलवली. नारळ फोडून उभी केलेली काठी मधेच आडवी करायची नाय, म्हणाला. ती शिमग्यालाच उतरायची. त्याआधी उतरवली तर वाडीला बाधतं, एकदा असं झालं होतं तर गुरं बसली होती. “आजोबा, शिमग्याला आमी समदे येतू, दोन घटकात उतरवू. तवर धीर धरा.” मी सांगून पाहिलं की ही होळी नव्हे, रेडिओची तार आहे. तो म्हणाला, बाई, रेडिओ तो खाली घरात. उभी करताना तर होळीच होती ना.

माझा उपाय तयार होता. मुरबाडला विजेचे खांब बदलणारी टोळी मिळते, एका रविवारी आणायची, वाडीला विचारायचंच नाही. उतरताना बांधावर मी काकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “नको. त्यांच्या खात्याचा नियम आहे.” हवामानापलीकडे एक शब्द न बोलणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या नियमाबद्दल केवढा आदर असतो ते मला त्या दिवशी कळलं. शिवाय मी रविवारी निघून जाणार होते. सोमवारी त्याच वाडीसमोर त्यांना एकट्यालाच राहायचं होतं, हेही खरंच.

थंडी सरत आली तसं निमाडवाल्यांचं बोलणं बदललं. हवामानानंतर ते थोडं थांबू लागले. मग एका सकाळी त्यांनी सांगितलं की मुलगा इंदूरला बोलावतोय, फ्लॅट आहे, तिसरा मजला, सोसायटी गच्चीवर काही लावू देणार नाही. घर विकायचं ठरलंय. “होली तक हूँ, दादा. पाडवे के पहले ले जाएगा.” काकांनी हे मला शब्दाला शब्द सांगितलं, कारण त्यात किरकोळ काही नव्हतं. त्यांनी त्यावर बटण दाबून काय उत्तर दिलं असेल ते मी विचारलं नाही. नंतर ते रोज कॅलेंडरजवळ जाऊन उभे राहायचे. पौर्णिमेवर बोट ठेवायचे आणि मग खांबाकडे बघायचे, म्हणजे जणू त्याला विचारत होते की तुला लवकर खाली येता येणार नाही का.

शिमग्याला मी रजा टाकून आदल्या दिवशीच गेले. सकाळीच वाडी उतरली. होळी उभी करायच्या आधी आजोबांचं काम उरकायचं असं कारभाऱ्याने ठरवलं होतं. नारळ फुटला, हाळी झाली, कैच्या लागल्या आणि उठला होता तसाच खांब सावकाश झोपला. काका धावत टोकाशी गेले. मी मागोमाग.

टोकाशी चिनीमातीचा गट्टू दिसतच नव्हता. त्याच्यावरून, तारेच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत, कुंपणाची लोखंडी तार पिळून पिळून घट्ट बांधलेली होती. इतकं सुबक, इतकं मजबूत काम मी अजून पाहिलेलं नाही. कप्पीचा दोरही तसाच सात गाठींनी जखडलेला. जे वेगळं ठेवायचं ते जोडलं होतं आणि जे मोकळं ठेवायचं ते बांधून टाकलं होतं.

कारभारी वाकून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. “टिकली बघा,” तो म्हणाला. “तुमी आत नकाशा आनाया गेलता, तवा मी पायलं. वायर मधीच तुटलेली, चिनीमातीवर नुसती लटकत व्हती. म्हटलं वाऱ्यात जाईल आजोबाची. मीच जोडली. दोर पन ढिला व्हता.”

वाडी उभी होती. मी काकांकडे पाहिलं. चार महिने रोज सकाळी सातला तो माणूस हाका ऐकत बसला होता, आणि त्याचं कारण आता समोर उभं राहून कौतुकाची वाट बघत होतं. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. काकांनी डोळे मिटून घेतले, मग उघडले.

“बरं केलंत, कारभारी,” ते म्हणाले. “थंडीतला वारा फार होता. आता वारा पडलाय. आता सोडवलं तरी चालेल.”

कारभाऱ्याने स्वतःच पक्कड मागितली आणि आपली तार स्वतःच्या हाताने सोडवली. खांब पुन्हा उठला, आणि त्यानंतर वाडीने आपली होळी उभी केली. त्या रात्री ढोल वाजत असताना काका मात्र लवकर झोपले.

धुळवडीच्या सकाळी सातला निमाडवाल्यांनी हाक मारली. काकांनी बटण दाबलं आणि उत्तर दिलं. पलीकडून काही आलं नाही. खरखर. मला वाटलं, संपलं. आता कुणाला कापायचं. मग आवाज आला, “दादा, पाँच-नौ.” मग त्यांनी विचारलं की दोष कुठे होता. काका म्हणाले, “जोड थोडा ज्यादा पक्का हो गया था.” निमाडवाले हसले. त्यांचं हसणं काकांनीही त्याआधी ऐकलं नसावं, कारण त्यांनी यंत्राचा आवाज थोडा वाढवला. चार महिन्यांचं बोलायचं राहिलं होतं. काकांनी सांगितलं की इकडे आकाश स्वच्छ आहे. निमाडवाल्यांनी सांगितलं की तिकडे पळस फुलला. पळस हवामानात बसतो की नाही याचा काकांनी क्षणभर विचार केलेला मला दिसला. मग त्यांनी सांगितलं की इकडेही फुललाय.

अशा सकाळी त्यांना पाडव्यापर्यंत मिळाल्या. मग निमाडवाले इंदूरला गेले. तिथून त्यांचं कार्ड आलं की खांब नाही, म्हणून बोलता येत नाही. पण छोटा रिसीव्हर बरोबर आणलाय आणि खिडकीबाहेर चार हात तार ताणलीय, सूनबाई त्यावर कपडे वाळत घालते, तरी आपण ऐकू येता. तेव्हापासून सातला काका एकटेच बोलू लागले. हाक मारायची, हवामान सांगायचं, मधे थांबायचं, म्हणजे पलीकडच्याने जे काही म्हटलं असतं तेवढा वेळ सोडायचा, आणि मग पुढे. महिन्याकाठी इंदूरचं कार्ड यायचं. त्यात काकांनी सांगितलेल्या हवामानाला उत्तरं असायची, तोपर्यंत ते हवामान केव्हाच बदललेलं असायचं.

पुढे माझ्याही घरी मोबाइल आला. वाडीतल्या दोन घरांवर टीव्हीच्या छत्र्या आल्या. कारभारी गेला, त्याच्या मुलांनी शिमग्याला खांबाचे दोर नेमाने आवळले. काकांच्या हाताला कंप सुटला, बटण दाबायला दुसरा हात लागायला लागला. आणि इंदूरची कार्डं यायची थांबली. एक महिना, दोन महिने, मग दिवाळी आली. मी माझ्या स्वभावाप्रमाणे विचार केला. एका शनिवारी मी काकांना म्हटलं की इंदूरच्या पत्त्यावर फोन नंबर मिळवणं अवघड नाही, मी लावते, दोन मिनिटांचं काम आहे, निदान कळेल तरी.

काका बॅटरीच्या तारा पुसत होते. त्यांनी पुसणं थांबवलं नाही.

“कार्ड टाकायला तीन मजले उतरावे लागतात, वहिनी,” ते म्हणाले. “ऐकायला उतरावं लागत नाही.”

मी नंबर शोधला नाही. रविवारी सकाळी माझी गाडी लवकरची होती, पण मी नंतरच्या गाडीने निघाले. सात वाजता त्यांनी दोन्ही हातांनी बटण दाबलं, हाक मारली, आणि सांगितलं की इकडे दव पडलंय, डोंगर अजून दिसत नाही. मग ते थांबले. नेहमीपेक्षा थोडे जास्तच थांबले; त्या वयात माणूस सावकाश बोलतो.